रांगेच्या टोकाला पंधरा मिनिटं

व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणीतरी आधीच सांगायला हवं, की तिथे गेम फारसे खेळायला मिळत नाहीत. मुबलक मिळते ती रांग.

जर्मनीतल्या कोलोन शहरात दर ऑगस्टमध्ये ‘गेम्सकॉम’ भरतं. जगातल्या सगळ्यांत मोठ्या गेम-प्रदर्शनांत त्याची गणना होते. २०२५ साली, २० ते २४ ऑगस्ट अशा पाच दिवसांत तिथे साडेतीन लाखांहून जास्त माणसं आली. त्यांत मीही होते. शनिवारचं तिकीट, पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि डबा, मनगटावर वयाची पट्टी. (जर्मनीत गेमलाही सिनेमासारखं वयाचं प्रमाणपत्र लागतं. ओळखपत्र बघून पट्टी बांधतात, आणि तुम्हाला कुठल्या गेमपर्यंत सोडायचं ते त्या पट्टीवरून ठरतं.) संध्याकाळी हिशेब केला तर दिवसभरात मी चार गेम खेळले होते. चारही मिळून कंट्रोलर हातात होता तो जेमतेम तासभर. बाकीचा दिवस मी अनोळखी लोकांच्या पाठी बघत उभी होते.

परत आल्यावर मी इतरांनी लिहिलेलं वाचलं. जवळपास सगळीकडे यादी होती: काय काय दाखवलं, कशाची तारीख जाहीर झाली, कुठला ट्रेलर भारी. नाटकाबद्दल लिहिताना आपण रंगमंच, प्रकाश, प्रेक्षक यांच्याबद्दल बोलतो. गेमच्या प्रदर्शनाबद्दल मात्र ते जणू पारदर्शक काच आहे असं समजून लिहिलं जातं. ती काच काय करते, गेम कसा दाखवते आणि काय दाखवू शकत नाही, याबद्दल हा लेख आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांचं गेमबद्दलचं मत गेम खेळण्याआधीच तयार झालेलं असतं, आणि ते जिथे तयार होतं त्या कारखान्याचं हे सगळ्यांत मोठं दालन आहे.

राहुट्या आणि जत्रा

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्यांवरची नावं बघतात, फडाच्या माणसांशी बोलतात, सुपारी ठरते. तमाशा तिथे होत नाही, तिथे तो ठरतो. होतो तो पुढे, त्या त्या गावच्या जत्रेत, रात्री, धुरळ्यात आणि शिट्ट्यांत.

गेम्सकॉममध्ये या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली असतात. काही हॉल फक्त धंद्याच्या लोकांसाठी. तिथे आवाज कमी, टेबलं, कॉफी, बंद दारांच्या खोल्या. गेम बनवणारे तिथे पैसे लावणाऱ्यांना भेटतात, वितरक शोधतात. उरलेल्या हॉलमध्ये जत्रा: दुमजली स्टॉल, छतापर्यंत पोचणारे पडदे, तलवारी आणि पंख सांभाळत चालणारे कॉस्प्लेवाले, फुकटच्या टोप्यांसाठी उड्या मारणारी पोरं. पहिल्यांदा जाणाऱ्याला दुसरी बाजूच दिसते आणि तेच प्रदर्शन वाटतं. पण मोठ्या पडद्याचा खर्च कोणी उचलायचा, कुठल्या गेमला जागा मिळायची, हे बऱ्याच अंशी पहिल्या प्रकारच्या खोल्यांत ठरलेलं असतं.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण या धंद्यातलं एकेकाळचं सगळ्यांत नावाजलेलं प्रदर्शन याच भेदावर मेलं. लॉस एंजेलिसचं ‘ई-थ्री’ १९९५ साली सुरू झालं. ते मुळात राहुट्यांचं गाव होतं. दुकानदार, वितरक आणि पत्रकार यांच्यासाठी. सामान्य खेळणाऱ्यांना तिकीट विकायला त्यांनी २०१७ साली सुरुवात केली, तोवर उशीर झाला होता. निन्टेन्डोने २०११पासून आपल्या घोषणा स्वतःच्या व्हिडिओंतून करायला सुरुवात केली होती. २०१९ला सोनी आलीच नाही. मग कोविड. डिसेंबर २०२३मध्ये ई-थ्री कायमचं बंद झाल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. पत्रकाराला जे दाखवायचं ते थेट खेळणाऱ्याच्या फोनवर दाखवता येतं, हे कंपन्यांना कळल्यावर मधल्या मंडपाचं भाडं कोण भरणार?

कोलोनचं प्रदर्शन टिकलं, याचं मुख्य कारण तिथली जत्रा आहे असं मला वाटतं. सौदा व्हिडिओ कॉलवर हलवता येतो, गर्दीत उभं राहणं हलवता येत नाही. म्हणजे ज्या रांगांना आपण नावं ठेवतो, त्यांनीच हे प्रदर्शन तगवून धरलंय.

मुख, पाय आणि कळस

पंढरपूरला दर्शनाचे प्रकार आहेत. ज्याला वेळ आहे तो दर्शनबारीत तासन्‌तास उभा राहतो आणि पायांवर डोकं ठेवतो. ज्याला घाई आहे तो लांबून मुखदर्शन घेतो. आणि गर्दीत ज्याला तेही जमत नाही, तो कळसाला हात जोडून माघारी फिरतो. तिघांच्याही मनात पांडुरंग भेटल्याची भावना असते.

गेमच्या प्रदर्शनात हीच उतरंड आहे. घरी बसून यूट्यूबवर ट्रेलर बघणं हे कळसदर्शन. हॉलमध्ये, बंद खोलीत, कंपनीचा माणूस खेळतो आणि तुम्ही खुर्चीत बसून बघता, ते मुखदर्शन. आणि कंट्रोलर तुमच्या हातात देतात, तो डेमो, पदस्पर्श. लोक कोलोनला येतात ते या तिसऱ्यासाठी. मीही त्यासाठीच गेले.

आता गोष्ट अशी, की देव तिन्ही दर्शनांत एकच असतो. गेमचं तसं नसतं.

ट्रेलरवर कोणी फार विश्वास ठेवू नये, हे आता शाळकरी पोरांनाही कळतं. मुखदर्शनाची फसगत जास्त बारीक असते, कारण समोर खरंच कोणीतरी खेळताना दिसत असतं. ‘वॉच डॉग्ज’ २०१२च्या ई-थ्रीमध्ये दाखवला तेव्हा रात्रीचं ओलं शिकागो, वाऱ्यावर हलणारे कोट, प्रकाशाचे कवडसे बघून लोक थक्क झाले. २०१४ साली गेम आला तेव्हा तो त्या मानाने फिका दिसला आणि त्यावरून पुढे बरीच वर्षं भांडणं झाली. ‘सायबरपंक २०७७’चा पाऊण तासाचा खेळ २०१८मध्ये आधी बंद दारांआड आणि मग सगळ्यांना दाखवला गेला. ‘काम चालू आहे’ अशी पाटी त्यावर होती. १० डिसेंबर २०२०ला गेम बाजारात आला आणि जुन्या कन्सोलवर इतका कोलमडला, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. काही महिन्यांनी तो परत आला, सुधारला, आणि आज अनेकांचा आवडता आहे. म्हणजे एकाच नावाचे निदान तीन गेम होते: २०१८ला दाखवलेला, २०२०ला विकलेला आणि नंतर दुरुस्त झालेला. लोकांनी मत बनवलं ते पहिल्यावर. पैसे दिले ते दुसऱ्यासाठी.

मग डेमो तरी खरा का? तो आपल्या हातात असतो, म्हणून खरा वाटतो. पण डेमो म्हणजे गेमची पहिली पंधरा मिनिटं, असं बहुतेक वेळा नसतं. केकचा उभा काप घेतला की सगळे थर एकदम दिसतात. डेमोसाठी तसा काप मुद्दाम तयार करतात. थोडं चालणं, थोडी मारामारी, एक सुंदर दृश्य, शेवटी एखादा दांडगा बॉस, आणि मग पडदा काळा होऊन तारीख. मी खेळलेल्या चारपैकी तीन डेमोंचा शेवट तारखेने झाला. कथेला शेवट असतो तसा डेमोला दिनांक असतो. या प्रकाराचे स्वतःचे नियम आहेत, स्वतःचं कसब आहे. काही लोक उत्तम डेमो बनवतात आणि सुमार गेम. उलटंही होतं, आणि ते जास्त दुःखाचं.

सात वर्षं आणि पंधरा मिनिटं

त्या वर्षीच्या एका रांगेबद्दल सविस्तर बोलायला हवं. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ची रांग.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात ‘टीम चेरी’ नावाची अगदी मोजक्या लोकांची मंडळी आहे. त्यांनी २०१७मध्ये ‘हॉलो नाइट’ काढला. कीटकांचं एक पडझड झालेलं, जमिनीखालचं राज्य आणि त्यात खिळ्याची तलवार घेऊन फिरणारा एक मुका चिमुकला योद्धा. हाताने काढलेली चित्रं, अवघड लढाया, उदास संगीत. फेब्रुवारी २०१९मध्ये त्यांनी पुढच्या गेमची घोषणा केली आणि मग जवळजवळ गप्प झाले. वर्षामागून वर्षं गेली. कुठलंही प्रदर्शन असो, थेट प्रक्षेपणाखाली ‘सिल्कसाँग कुठेय?’ असं विचारणाऱ्यांची झुंबड उडायची. तो एक विनोदच झाला होता, पण त्या विनोदाला धरून लोक खरोखर वाट बघत होते.

२०२५च्या गेम्सकॉममध्ये तो गेम अखेर खेळायला ठेवला गेला. आणि प्रदर्शन चालू असतानाच, २१ ऑगस्टला, टीम चेरीने तारीख जाहीर केली: ४ सप्टेंबर. दोन आठवडे. म्हणजे शनिवारी मी ज्या रांगेत उभी राहिले, तिच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, की दोन आठवड्यांत हाच गेम पूर्णच्या पूर्ण, घरी, आपल्या खुर्चीत बसून खेळता येणार आहे. तरी रांग होती. माझ्यापुढच्या मुलाला मी विचारलं, की मग कशाला थांबलायस? तो म्हणाला, “सात वर्षं थांबलो. आता दोन तासांनी काय होतंय!”

याला वेडेपणा म्हणणं सोपं आहे. पण विचार केल्यावर मला वाटलं, त्या रांगेत लोक गेमची वाट बघतच नव्हते. वाट बघण्याचा समारोप करत होते. सात वर्षं प्रत्येकाने एकट्याने, आपापल्या पडद्यापुढे वाट पाहिली होती. ती एकदा सगळ्यांनी मिळून, उभ्याने, एकमेकांच्या घामाच्या वासात पुरी करायची होती. गंमत म्हणजे सिल्कसाँगची गोष्टही यात्रेचीच आहे. ‘फारलूम’ नावाच्या राज्यात कीटक यात्रेकरू शिखरावरच्या गडाकडे चढत असतात, आणि नायिका हॉर्नेट त्यांच्यातून वाट काढत वर जाते. तिथलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. वर पोचल्यावर यात्रेकरूंच्या श्रद्धेचं काय होतं, हा त्या गेमचा गाभा आहे. तो मी इथे सांगणार नाही. डेमोनेही सांगितला नव्हता.

हाच माझा मुद्दा आहे. डेमोत होते गेमच्या सुरुवातीच्या टप्प्यांतले तुकडे. चित्रं सुंदर, हालचाल चपळ. पण सिल्कसाँग हा मरण्याचा गेम आहे. तुम्ही मरता, मणी तिथेच राहतात, तुम्ही मागच्या बाकापाशी उठता आणि ती सगळी वाट पुन्हा चालत जाता. तिसऱ्या खेपेला वाटेतला प्रत्येक काटा पाठ होतो. दहाव्या खेपेला राग येतो. एका रात्री तुम्ही तो नाद सोडून झोपता आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच झटक्यात बॉस पडतो. या गेमची कला त्या दोन दिवसांत आहे. मागे शंभर माणसं उभी असताना, स्टॉलवरचा मुलगा घड्याळ बघत असताना, मरण्याचा अर्थच बदलतो. तिथे मरणं म्हणजे फजिती.

गेम आल्यावर काय झालं? ४ सप्टेंबरला खरेदीसाठी इतकी झुंबड उडाली, की स्टीमसकट ऑनलाइन दुकानं अडखळली. आणि मग खरं बोलणं सुरू झालं. अनेकांना गेम नको इतका अवघड वाटला. बाकापासून बॉसपर्यंतच्या लांब वाटांवर वाद झाले. बनवणाऱ्यांनी काही सुरुवातीचे बॉस जरा सौम्य केले. चिनी खेळाडूंनी भाषांतरावर मोठा आक्षेप घेतला: भाषा अकारण जुन्या वळणाची, कृत्रिम झालीय, मूळ गेमचा सूर हरवलाय. टीम चेरीच्या बाजूने ते सुधारण्याचं आश्वासन द्यावं लागलं. अवघडपणा म्हणजे काय, आदर म्हणजे काय, भाषांतराची नीती काय, हे सगळे समीक्षेचे प्रश्न आहेत. यांतला एकही प्रश्न त्या पंधरा मिनिटांत उभा राहू शकत नव्हता.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर, गवयाचं नाव ऐकून गेलात आणि त्याने फक्त तराणा म्हणून दाखवला, तर गळा तयार आहे एवढंच कळेल. राग त्याला किती समजलाय, ते विलंबितात कळतं, आणि विलंबिताला वेळ लागतो. प्रदर्शनात सगळे गेम तराणा म्हणतात.

त्यात रांगेचा परिणाम वेगळाच. दोन तास उभं राहिल्यावर प्रसाद गोड लागतोच. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मागचे लोक विचारत होते, “कसाय?” आणि मी एकालाही “ठीकठाक” म्हणताना ऐकलं नाही. ठीकठाक म्हणायची सोयच नव्हती. तसं म्हणणं म्हणजे आपले दोन तास फुकट गेले अशी कबुली. थांबण्याची किंमत आपण कौतुकात वसूल करतो.

पाठी बघणं

एवढं सगळं असूनही मी पुन्हा जाईन. त्याचं कारण पाठी.

गेम खेळणारा माणूस आपल्याला एरवी दिसत नाही. यूट्यूबवर दिसतो, पण तो आपल्यासाठी अभिनय करत असतो. घरी आपण एकटे असतो, किंवा भावंडांपैकी एकाच्या हातात फोन आणि बाकीचे खांद्यावरून डोकावणारे. प्रदर्शनात मात्र शंभर माणसं एकाच वेळी एकच गोष्ट खेळताना दिसतात, आणि प्रत्येकजण वेगळं खेळतो.

सिल्कसाँगच्या रांगेत मला एक गोष्ट दिसली. आधीच्या गेममध्ये उडी मारून सरळ खाली वार करता यायचा आणि शत्रूच्या डोक्यावरून टप्पे खात पुढे जाता यायचं. हॉर्नेटचा वार सुरुवातीला तिरका पडतो. त्यामुळे जुना गेम कोळून प्यायलेले लोकच सगळ्यांत जास्त खड्ड्यात पडत होते. त्यांचे हात सात वर्षांपूर्वीची उडी मारत होते. आणि शेजारच्या पडद्यावर कधीच न खेळलेली एक बाई सहज पुढे जात होती, कारण तिच्या हातांना विसरायचं काही नव्हतं. दोन पिढ्यांच्या गेममधला फरक मला कुठल्याही लेखाने इतका नीट समजावला नव्हता. डेमो खरं सांगतो ते एवढंच, पण ते मौल्यवान आहे: उडीचं वजन, वाराचा कोन, हाताला लागणारी नवी सवय. कथा, अर्थ, दम हे नंतरचं. स्पर्श मात्र एका मिनिटात कळतो, आणि तो दुसऱ्याच्या पाठीवरूनही कळतो.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा एक सल्ला: निदान एक तास कुठल्याही रांगेत उभे राहू नका. रांगेच्या बाजूला उभे राहा आणि खेळणाऱ्यांचे खांदे बघा. कुठे आखडतात, कुठे सैल पडतात.

वाचायचे गेम

दहा नंबरच्या हॉलमध्ये छोट्या गेमांचा बाजार असतो. इथे दुमजली स्टॉल नाहीत. एक टेबल, एक पडदा, दोन खुर्च्या, आणि बहुतेकदा बनवणारा स्वतःच शेजारी उभा. मोठ्या हॉलमध्ये बनवणारा दिसत नाही, कंपनीच्या टीशर्टमधली भाडोत्री माणसं दिसतात. इथे तुम्ही चुकीचं बटण दाबलंत की बनवणाऱ्याचा चेहरा पडताना दिसतो.

पण इथेही जत्रेचा नियम चालतो: जे लांबून कळतं त्याच्यापुढे गर्दी. एका टेबलावर निव्वळ वाचायचा गेम होता. पडद्यावर मजकूर, अधूनमधून निवड. शेजारच्या स्टॉलचे ढोल माझ्या छातीत वाजत होते. मी तीन पानं वाचली, चौथ्यावर धागा सुटला. समोरची खुर्ची नंतरही बराच वेळ रिकामी होती. हेडफोन लावले तरी हॉलमध्ये वाचता येत नाही, हा त्या गेमचा दोष नव्हे. पुस्तकाच्या दुकानात बँड लावून कविता विकण्यासारखंच हे आहे.

तरीही याच प्रदर्शनात अशा एका गेमने इतिहास घडवलाय. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवायला कायद्याने बंदी आहे. सिनेमाला कलेच्या नावाखाली सूट मिळायची, गेमला बरीच वर्षं मिळत नसे. गेम हे खेळणं, कला नव्हे, असं व्यवहारात मानलं जायचं. त्याचे परिणाम हास्यास्पद होते. नाझींविरुद्धच्याच ‘वुल्फेनस्टाइन २’ या गेमच्या २०१७च्या जर्मन आवृत्तीत स्वस्तिकं काढली होती, इतकंच काय, हिटलरच्या मिशाही काढल्या होत्या. ऑगस्ट २०१८मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने भूमिका बदलली: प्रत्येक गेम वेगळा तपासू, कलात्मक कारण असेल तर परवानगी देऊ. त्याच महिन्यात गेम्सकॉममध्ये ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ हा बर्लिनच्या छोट्या मंडळींनी बनवलेला गेम स्वस्तिकांसह मांडला गेला. १९३३चं बर्लिन, तुम्ही सामान्य माणसांचा एक छुपा विरोधी गट चालवता. पत्रकं छापायची, पैसे जमवायचे, कोणाला किती सांगायचं ते ठरवायचं. हिटलरला मारता येत नाही. जिंकता येत नाही. तग धरता येतो, तोही सगळ्यांना नाही.

हा गेम पंधरा मिनिटांत कळण्यासारखा मुळीच नाही. पण तो तिथे मांडला गेला, ही गोष्टच मोठी होती. प्रदर्शन हे निवाड्याची जागा म्हणून कच्चं आहे. पण अमुक गोष्ट सार्वजनिक आहे, तिच्याबद्दल बोलता येतं, हे जाहीर करायला त्याच्यासारखी जागा नाही. २०१७ साली या प्रदर्शनाचं उद्घाटन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी केलं होतं. त्यांनी गेम खेळून पाहिले की नाही, याला फारसं महत्त्व नाही. त्या आल्या, याला आहे.

त्याच आठवड्यात, घरी

मी कोलोनला होते त्याच आठवड्यात दिल्लीत गेमबद्दल कायदा होत होता. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदी, ई-स्पोर्ट्सना मान्यता. जुगाराने घरं बुडाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. त्या बंदीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मला खटकली ती आपल्याकडच्या चर्चेतली भाषा. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी बातमी टाकली, “गेमवर बंदी आली, बरं झालं,” आणि खाली आत्याने मला टॅग करून लिहिलं, “तू तिकडे तेच बघायला गेलीयेस ना गं?”

आत्याची चूक नाही. आपल्याकडे ‘गेम’ या एका शब्दात रमी, पबजी, लुडो, कँडी क्रश आणि सिल्कसाँग सगळं कोंबलेलं आहे. त्यावर बोलायला आपल्याकडे दोनच सूर आहेत. एक पालकांचा: डोळे जातात, अभ्यास जातो. दुसरा करिअरवाल्यांचा: ई-स्पोर्ट्समध्ये पैसा आहे, स्ट्रीमिंगमध्ये पैसा आहे. पहिला गेमला व्यसन मानतो, दुसरा धंदा. गेम काय म्हणतो, कसा म्हणतो, त्यात खोटं काय आणि सच्चं काय, हा तिसरा सूर मराठीत अगदी क्षीण आहे. सिनेमाबद्दल तो सूर आपण कमावलेला आहे, फिल्म सोसायट्यांतून, मासिकांतून. गेमबद्दल तो कमावायला हवा.

बनवणारे तर आपल्यात आहेत. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ ऑगस्ट २०२०मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र गेमच्या नामांकनापर्यंत पोचला. भावाला शोधत निघालेली एक कसरतपटू मुलगी, देव-असुरांचं युद्ध, वाड्या-महालांची वास्तू. त्याबद्दल आपण काय लिहिलं? बहुतेक ‘भारतीयाने बनवला, अभिमान आहे’ एवढंच. त्यातली लढाई मधेच तीच-ती का वाटते, पुराणकथा सांगणारा आवाज गोष्टीला पुढे नेतो की थांबवतो, शेवट अर्धवट का वाटतो, हे प्रश्न विचारणं हा त्या लोकांचा अपमान नव्हे. अभिमानाची रांगही शेवटी रांगच. तिच्या टोकाला मिळालेला प्रसादही गोडच लागतो, आणि बनवणाऱ्याच्या ते काही उपयोगाचं नसतं.

रांग संपल्यावर

आपल्याकडेही आता गेमची दालनं भरायला लागली आहेत. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, मे २०२५च्या ‘वेव्ह्ज’सारख्या सरकारी संमेलनात. पुढे मोठी भरतील. तुमच्यापैकी कितीतरी जण पहिल्यांदा जाल. जा. गर्दीत उभं राहण्यात जे सुख आहे ते खोटं नाही, आणि आपल्यासारखी इतकी माणसं आहेत हे डोळ्यांनी बघणं, विशेषतः घरी ‘अजून किती दिवस खेळणारेस?’ ऐकत वाढलेल्यांसाठी, फार मोठं आहे.

फक्त तिथून मत घेऊन बाहेर पडू नका. प्रश्न घेऊन पडा. डेमोत मेल्यावर काय झालं? या गेममध्ये तासाभराने मी काय करत असेन, तेच की आणखी काही? पाटी-मजकूर कोणाच्या भाषेत आहे, आणि कोणाच्या नाही? कुठली खुर्ची दिवसभर रिकामी होती?

मग गेम आला की तो खेळा. पूर्ण, किंवा नाद सोडून देण्याइतका. महिनाभराने लिहा. तोवर सगळ्यांचे व्हिडिओ येऊन गेलेले असतील, कोणी वाचणार नाही असं वाटेल. त्या वाचनमात्र गेमचं नाव मी फोनमध्ये टिपून ठेवलंय. घरी, हेडफोन न लावता, पंखा चालू ठेवून तो खेळायचाय. चौथ्या पानापासून.